किल्ली कोण देणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

आम्ही सात जण अकरा रात्रींसाठी लिस्बन आणि बार्सिलोनाला चाललो आहोत. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मुलगा, दीर-जाऊ, आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण यायची हौस दांडगी. सगळ्यांचाच हा पहिला परदेश प्रवास. मला दोन्हीकडे हॉटेल नको आहे, तिथल्या माणसाच्या मालकीचा फ्लॅट हवा आहे. पैसे हॉटेलच्या साखळीला न जाता तिथल्या एखाद्या घरात जावेत, तिथले लोक कसे राहतात ते बघायला मिळावं आणि सातही जण एका छपराखाली असावेत. जाऊबाई म्हणतात, 'स्वयंपाकघर असलं की जेवणाचा प्रश्नच मिटला.' नवरा म्हणतो, 'हॉटेलात रात्री काही झालं तर रिसेप्शन असतं, तिथे कोणाला उठवणार?' आणि एरवी कशातच न पडणारी मुलगी म्हणाली, 'आई, तिथले लोक अशाच फ्लॅटांविरुद्ध मोर्चे काढतायत आणि तू त्यांचं भलं करायला निघालीस!' तेव्हापासून बुकिंग करायला हात धजत नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर:

तुमच्या पत्रात चार माणसं बोलतात आणि चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, म्हणून तर तुमचं घोडं अडलंय. ज्यांच्या गुडघ्यांवर सगळा प्रवास अवलंबून आहे त्या सासूबाई मात्र पत्रात एकदाही बोललेल्या नाहीत. त्यांच्याकडे मी येणारच आहे. आधी तुमच्याकडे.

'तिथल्या माणसाच्या मालकीचा' हे शब्द वाचून मला माझी एक फजिती आठवली. काही वर्षांपूर्वी दक्षिण युरोपातल्या एका शहरात मी असाच फ्लॅट घेतला होता. जाहिरातीत एका हसऱ्या बाईंचा फोटो आणि खाली ओळ: 'माझ्या आजीच्या घरी तुमचं स्वागत.' मी विरघळले. रात्री पावणेबाराला पोचले तर दाराशेजारच्या भिंतीवर किल्ल्यांच्या आठ पेट्या, सगळ्या एकसारख्या, आकड्यांचं कुलूप लावलेल्या. माझी कोणती? मेसेज केला. उत्तर आलं ते एका पुरुषाच्या नावाने. पुढचं उत्तर आणखी तिसऱ्याच नावाने, आणि त्यात प्रश्न होता, 'आपण कोणत्या प्रॉपर्टीबद्दल बोलत आहात?' म्हणजे आजीचं घर त्यांच्याही लक्षात नव्हतं. शेवटी वरच्या मजल्यावरून एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आल्या. अंगात घरातलाच झगा, डोळ्यांवर झोप. त्यांनी मला काही विचारलं नाही. डावीकडून तिसऱ्या पेटीवर बोट ठेवलं आणि तेच बोट ओठांवर नेऊन 'आवाज करू नका' अशी खूण केली. हे त्यांचं रोजचंच असणार. चार दिवसांत त्या इमारतीत मला भेटलेलं स्थानिक माणूस ते एवढंच, आणि माझ्या भाड्यातली दमडीही त्यांना मिळणार नव्हती.

तुमच्या मनात जे चित्र आहे ते खोटं नाही, जुनं आहे. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडं जड जाऊ लागलं म्हणून ब्रायन चेस्की आणि ज्यो गेबिया यांनी आपल्याच घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. पुढे त्यातून एअरबीएनबी ही प्रवाशांना घरं भाड्याने मिळवून देणारी कंपनी उभी राहिली. नावातली 'एअर' त्या गाद्यांमधलीच. मालक घरात, पाहुणा शेजारच्या खोलीत, असा तो मूळ मामला होता. आता तिच्या ॲपवर परगावी जाताना स्वतःचं राहतं घर देणारी शिक्षिका असते, वडिलांचा रिकामा फ्लॅट सांभाळणारा मुलगा असतो, आणि तीस फ्लॅट चालवणारी कंपनीही असते. कंपनीचा मालकसुद्धा त्याच शहरात जन्मलेला असू शकतो बरं का! तेव्हा 'मालक स्थानिक आहे का' या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा विचारावं, की पाहुणे नसतात तेव्हा हे घर कोणाचं घर असतं?

जगभरातल्या शहरांनी गेल्या काही वर्षांत केलेले नियम पाहिलेत तर बहुतेकांच्या मुळाशी हाच प्रश्न सापडेल. पॅरिसमध्ये स्वतःचं राहतं घर वर्षाकाठी जास्तीत जास्त ९० दिवस पर्यटकांना देता येतं. २०२५ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती. ॲम्स्टरडॅममध्ये जास्तीत जास्त ३० रात्री, त्याही एका वेळी चारच पाहुण्यांना. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांखालच्या भाड्यासाठी यजमान त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच हवेत अशा नियमाची अंमलबजावणी सुरू केली. जपानने २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली. घर हे आधी कोणाचं तरी राहतं घर, पाहुणा त्यानंतर, असा हा हिशेब.

आता तुमची अडचण दिसली का? सात माणसं. घरात स्वतः राहणारं माणूस सात जणांना आपलं घर क्वचितच देऊ शकतं. सात जणांचा फ्लॅट म्हणजे जवळजवळ नेहमीच फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेला फ्लॅट. 'एक छप्पर' आणि 'कोणाचं तरी खरं घर' या तुमच्या दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात आणि त्यातली एक सोडावी लागेल. माझं मत विचाराल तर छप्पर सोडा. अकरा दिवस, सात जण, बहुधा एक-दोन न्हाणीघरं, आणि सकाळी साडेआठला बाहेर पडायचं! शिवाय 'सात जण झोपू शकतात' या वाक्यात बैठकीतला सोफा-कम-बेड धरलेला असतो. त्यावर दीर-जाऊ झोपणार की तुम्ही दोघं, हा प्रश्न लिस्बनमध्ये रात्री अकरा वाजता सोडवायचा नसतो.

मुलीचं म्हणणं उडवून लावू नका. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चेकऱ्यांनी बाहेर टेबलांवर जेवत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं, ती चित्रफीत तिने पाहिली असेल. त्याच्या दोनच आठवडे आधी महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं होतं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. लिस्बनमध्येही राहत्या इमारतींमधल्या अशा फ्लॅटांवर सार्वमत घ्या म्हणून नागरिकांनी सह्या गोळा केल्या होत्या. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या घटना न्यायालयाने ते सार्वमत नाकारलं. राग तुमच्या सासूबाईंवर नाही. राग याचा आहे, की ज्या घरात वर्षभराचा भाडेकरू राहिला असता ते घर चार-चार रात्रींच्या पाहुण्यांकडे गेलं, आणि जिन्यात मध्यरात्री चाकांच्या बॅगा खडखडू लागल्या.

पण मुलीलाही एक सांगा. अशा सगळ्याच फ्लॅटांना एका मापाने मोजू नये आणि हॉटेलला आपोआप पापी ठरवू नये. हॉटेलमुळे सहसा कोणाचं राहतं घर जात नाही आणि तिथे खोल्या झाडणारी, नाश्ता वाढणारी माणसं त्याच शहरातली असतात. तुमचे पैसे 'तिथल्या घरात' जावेत ही इच्छा हॉटेलातूनही काही अंशी पुरी होते, हे तुम्ही लक्षात घेतलं नव्हतं. आणि मधली एक वाट आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. स्पेनमध्ये 'ओस्ताल' म्हणून एक प्रकार असतो. नाव ऐकून बंकबेडचं हॉस्टेल समजू नका. ही छोटी लॉज, पाच-पंचवीस खोल्यांची, पुष्कळदा एकाच कुटुंबाने चालवलेली, कधी कधी जुन्या इमारतीच्या एखाद-दुसऱ्या मजल्यावर. काउंटरवर आई, रात्रपाळीला मुलगा. तुम्हाला जो 'तिथला माणूस' भेटायला हवा आहे तो तिथे भेटण्याची शक्यता पेटीतल्या किल्लीपेक्षा कितीतरी जास्त.

तरीही फ्लॅटच घ्यायचा असेल तर तो कायदेशीर आहे का हे तपासायला पाच मिनिटं लागतात. पोर्तुगालमध्ये अशा जागेला 'आलोजामेंतो लोकाल' म्हणतात आणि तिचा नोंदणी क्रमांक 'एएल' या अक्षरांसह जाहिरातीत द्यावाच लागतो. तो क्रमांक सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर टाकलात की जागा कोणाच्या नावाने नोंदली आहे, पत्ता काय, किती माणसांची परवानगी आहे हे दिसतं. तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव आहे की कंपनीचं, ते बघा. हसऱ्या फोटोपेक्षा ही ओळ जास्त खरं बोलते. बार्सिलोनाच्या परवान्याचा क्रमांक 'एचयूटीबी' या अक्षरांनी सुरू होतो आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याची खातरजमा करता येते. क्रमांकच नसेल तर ती जाहिरात तिथेच सोडून द्या, भाडं कितीही कमी असो. तपासणी झाली तर दंड मालकाला होतो, पण बॅगा घेऊन रस्त्यावर येण्याची पाळी तुमच्यावर. आणि ॲपवर यजमानाच्या नावावर टिचकी मारून त्याच्या आणखी किती जागा आहेत तेही पाहा. एक-दोन असतील तर ठीक. चाळीस असतील तर ती 'आजी' नव्हे.

जाऊबाईंच्या वाक्याकडे मी जरा रागाने पाहिलं, हे कबूल करते. जेवणाचा प्रश्न मिटला म्हणजे नेमका कोणाचा मिटला? सात माणसांचा सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, मग ओटा, भांडी, आणि निघायच्या दिवशी 'कचरा बाहेर ठेवा, भांडी धुऊन ठेवा' ही यजमानाची यादी. फ्लॅट घेतला की घर चालवणंही बरोबर येतं आणि ते कोणाच्या वाट्याला येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. स्वयंपाकघर हवंच असेल तर बुकिंगच्या आधी, निघाल्यानंतर नव्हे, कोण कोणत्या दिवशी काय करणार ते लिहून काढा. त्यात दिरांचं, नवऱ्याचं आणि दोन्ही मुलांचं नाव नसेल तर हॉटेलचा नाश्ता धरून हिशेब करा. एक व्यावहारिक गोष्टही आहे: साफसफाईचं शुल्क बहुतेक ठिकाणी मुक्कामागे एकदाच लागतं, रात्रीगणिक नाही. तेव्हा सहा रात्रींना फ्लॅट परवडतो, दोन रात्रींना अंगावर येतो. तुलना करताना कर आणि शुल्क धरून एकूण रकमेची करा. लिस्बनचा पर्यटक-कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो आहे, तेरा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला.

आता सासूबाई.

बार्सिलोनातल्या एशाम्पल भागातल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर पुष्कळदा 'एन्त्रेसुएलो' नावाचा मधला मजला असतो, त्यावर 'प्रिन्सिपाल', आणि मग त्यावर पहिला मजला. जाहिरातीत 'पहिला मजला' वाचून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि सासूबाई तीन जिने चढतील. लिफ्ट असली तरी दोन-तीन माणसांची, आणि तिच्यापर्यंत पोचायलाच चार-सहा पायऱ्या. जिन्यातला दिवा बटण दाबलं की ठरावीक वेळ लागतो आणि मग आपोआप विझतो. हळू चढणारं माणूस बरोबर मधल्या वळणावर अंधारात सापडतं. लिस्बनची तऱ्हा वेगळी. आल्फामा हा तिथला जुना भाग १७५५ च्या भूकंपातून पुष्कळसा वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या अजून तशाच वाकड्या, चढाच्या आणि पायऱ्यांच्या. फोटोत त्या फार सुंदर दिसतात. टॅक्सी मात्र दारापर्यंत जात नाही आणि पावसाने ओली झालेली दगडी फरसबंदी धडधाकट माणसालाही घसरवते. तुम्ही आव्हेनीदास नोवास या नव्या, बऱ्यापैकी सपाट भागात पाहा. तिथे लिफ्ट असलेल्या इमारती जास्त आहेत आणि मेट्रो हाताशी आहे. फिरायला आल्फामात जा, झोपायला नको.

हे सगळं एकाच प्रश्नात विचारता येतं. यजमानाला लिहा: 'रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, त्यांपैकी लिफ्टच्या आधी किती, आणि जिन्याला कठडा आहे का?' मी हल्ली हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारते, माझे गुडघे अजून बरे असूनही. ज्याचा त्या घरात वावर आहे तो लिहितो, 'दारात तीन, मग लिफ्टपर्यंत पाच, कठडा उजव्या बाजूला, पण सगळ्यात खालच्या पायरीजवळ तो नाही, तिथे सांभाळा.' आणि ज्याचा नाही तो लिहितो, 'आमची जागा अत्यंत सोयीच्या ठिकाणी आहे.' मालक कोण, हे मला कुठल्याही नोंदवहीपेक्षा या उत्तरावरून जास्त लवकर कळतं.

तुमच्या नवऱ्याचा प्रश्नही इथेच सुटतो. रात्री कोणाला उठवणार, हे आधीच विचारायचं: किल्ली प्रत्यक्ष कोण देणार, विमानाला उशीर झाला तरी देणार का, आणि रात्री दोनला पाणी गळायला लागलं तर कोण किती वेळात येईल? 'पेटीत आहे, कोड पाठवू' असं उत्तर आलं तर सात जणांच्या पहिल्या परदेश प्रवासासाठी ती जागा नको. खरी तातडी असेल, कोणी पडलं किंवा छातीत दुखायला लागलं, तर यजमानाची वाट न बघता ११२ लावायचा. दोन्ही देशांत हाच क्रमांक आहे. पत्ता मजल्यासकट कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. आणखी एक गोष्ट, जी हॉटेलात कोणाच्या डोक्यातही येत नाही: लिस्बनच्या पुष्कळ घरांत पाणी तापवायला गॅसचा गीझर असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा गजर बसवला आहे का विचारा आणि बॅटरीवर चालणारा छोटा गजर विकत घेऊन बरोबर न्या. तळहाताएवढा असतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. यजमान पासपोर्टचे तपशील मागेल, त्याने घाबरू नका. परदेशी पाहुण्यांची माहिती अधिकाऱ्यांना कळवणं दोन्ही देशांत त्याला बंधनकारक आहे. पण माहिती देणं वेगळं आणि सातही पासपोर्टचे रंगीत फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं वेगळं. स्पेनच्या डेटा संरक्षण यंत्रणेने २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की ओळखपत्राची प्रत मागणं गरजेपेक्षा जास्त आहे. दोन्ही देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून बुकिंगच्या पावतीवर सातही नावं घालून घ्या आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळतील असंच बुकिंग ठेवा. ॲपवर जागा दाखवून 'बाहेरून बँकेत पैसे भरा, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला नकार द्या. ओस्तालचं मात्र उलट आहे. त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर तिथूनच बुकिंग करा, म्हणजे मधल्या ॲपचं कमिशन त्या कुटुंबाकडेच राहील.

मी तुमच्या जागी असते तर लिस्बनच्या सहा रात्रींसाठी शेजारशेजारचे किंवा एकाच इमारतीतले दोन छोटे फ्लॅट शोधले असते: क्रमांकासकट, लिफ्टसकट, व्यक्तीच्या नावावर. एका फ्लॅटमध्ये चौघं, दुसऱ्यात तिघं. सकाळचा पहिला कॉफीचा कप बाहेर घ्यायला सगळे एकत्र. बार्सिलोनाच्या पाच रात्री ओस्तालात, तीन खोल्या, एकाच मजल्यावर. तिथे शहरच म्हणतंय की हे फ्लॅट आम्हाला नकोत, तेव्हा पाहुण्याने ते ऐकावं. असे जोड-फ्लॅट मिळाले नाहीत तर रिसेप्शन असलेलं अपार्टहॉटेल (हॉटेलसारखे चालवलेले छोटे फ्लॅट) घ्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तीन-चार जागा निवडून त्यांना पायऱ्यांचा तो प्रश्न आज रात्रीच पाठवा. उत्तरं आली की ती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा, आकड्यांसकट. जागा त्यांना निवडू द्या.